लेखणीची भवानी: लिहिण्याच्या कामाला पहिलं गिऱ्हाईक कसं मिळवायचं



या पानावर आपण शेळीपालनापासून शिवणकामापर्यंत बरेच धंदे बघितले. आज ज्या कामाबद्दल लिहिते आहे, ते तुमच्यातल्या कितीतरी जणी आधीपासूनच करतात. फक्त त्याला कुणी काम म्हणत नाही आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. ते काम म्हणजे लिहिणं. गटाचं इतिवृत्त कोण लिहितं? बँकेचा अर्ज कुणाकडून लिहून घेतात? शेजारच्या पोराच्या लग्नपत्रिकेत नावं कुठल्या क्रमानं घालायची, हे विचारायला कुणाच्या दारात येतात? प्रत्येक गावात अशी एखादी ताई असतेच. तिचं अक्षर वळणदार असतं, शुद्धलेखन बरं असतं, आणि ‘जरा एवढं लिहून दे गं’ म्हटलं की ती चूल बारीक करून लिहायला बसते. चहा मिळतो, आशीर्वाद मिळतो. पैसे मिळत नाहीत.

लिहून देऊन पैसे घेणं ही काही नवी गोष्ट नाही. तहसील कचेरीच्या बाहेर झाडाखाली टेबल टाकून बसणारे अर्जनवीस आपल्या आजोबांच्या वेळेपासून तेच करत आले. तिकडं उत्तर प्रदेशात चित्रकूटला 2002 साली गावातल्या बायकांनी ‘खबर लहरिया’ नावाचं वर्तमानपत्र सुरू केलं. बुंदेली बोलीत, स्वतः बातम्या गोळा करून, स्वतः लिहून. त्यात दलित समाजातल्या बायका मोठ्या संख्येनं होत्या आणि त्यातल्या काही जणींचं शिक्षण जेमतेम होतं. आज ते मोबाईलवर चालतं आणि त्या बातमीदार म्हणून कमावतात. आपल्याला लगेच वर्तमानपत्र काढायचं नाही. आपल्याला आधी एक गिऱ्हाईक पाहिजे. बाजारात सकाळची पहिली विक्री झाली की ‘भवानी झाली’ म्हणतो ना आपण, तशी लेखणीची भवानी करायची आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. या कामावर घर चालेल अशी आशा धरून बसू नका. निदान पहिली एकदोन वर्षं हा जोडधंदाच राहील. पण याला भांडवल जवळपास लागत नाही, कर्ज काढावं लागत नाही आणि माल नासत नाही. वही, पेन, मोबाईल आणि दोन तास निवांत एवढंच लागतं. दोन तास निवांत मिळणं ही त्यातली सगळ्यात महागडी गोष्ट, हे मलाही माहीत आहे.

गिऱ्हाईक कुठं असतं?

बऱ्याच जणींना, विशेषतः आपल्या शिकलेल्या मुलींना वाटतं की लिहिण्याचं काम मोबाईलवर कुठंतरी लांब, मुंबई-पुण्याला मिळतं. मिळतंही, पण पहिलं काम सहसा तिथून येत नाही. तिथं तुम्हाला कुणी ओळखत नाही आणि तुमच्यासारख्या हजारो जणी रांगेत असतात. पहिलं गिऱ्हाईक तुमचं लिखाण ज्यानं डोळ्यांनी पाहिलंय, किंवा ज्याचा कागद आत्ता अडलाय, असं असतं. म्हणजे चालत किंवा एसटीनं जाऊन भेटता येईल एवढ्या अंतरावर.

अडलेला कागद कुठं दिसतो, ते बघा. तालुक्याच्या बाजारात एक फेरी मारा आणि फक्त पाट्या, फ्लेक्स आणि हँडबिलं वाचत फिरा. ‘भावपुर्ण श्रध्दांजली’ असं छापलेला फ्लेक्स तुम्हाला हमखास दिसेल. बरोबर शब्द ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. ज्या घरातला माणूस गेला, त्या घरानं पैसे मोजले आणि त्याच्या फोटोखाली चूक छापून आली. हे लिहिणारा छापखान्यातला पोरगा काही वाईट नसतो. त्याला दिवसाला पंधरा फ्लेक्स करायचे असतात. गिऱ्हाईक कागदाच्या चिटोऱ्यावर नाहीतर व्हॉट्सॲपवर कसंबसं लिहून आणतं आणि तो तसंच छापतो.

म्हणून माझ्या मते तालुक्याचा छापखानेवाला किंवा डीटीपीवाला हे पहिल्या गिऱ्हाइकासाठी सगळ्यात चांगलं दार आहे. त्याच्याकडं रोज अशी माणसं येतात ज्यांना काहीतरी छापायचंय पण लिहिता येत नाही. लग्नपत्रिका, वास्तुशांती, दुकानाचं उद्घाटन, क्लासची जाहिरात, यात्रेचा कार्यक्रम, वर्षश्राद्ध. तुम्ही एका दुकानदाराला पटवलंत तर तो एकटा तुम्हाला दहा गिऱ्हाइकं देतो. तुम्हाला दारोदार फिरावं लागत नाही.

दुसरं दार आपल्या स्वतःच्या बायकांचं. किती गट पापड, मसाले, लोणची, शेवया करतात! त्यातल्या किती जणींच्या पाकिटावरचं लेबल नीट आहे? इथं तुम्हाला थोडा अभ्यास करावा लागेल, पण तोच तुमचा माल आहे. खाण्याच्या पाकिटावर काय काय लागतं ते असं: पदार्थाचं नाव, त्यात काय काय घातलंय त्याची यादी (वजनानं जे सगळ्यात जास्त ते आधी, मग उतरत्या क्रमानं), निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते, बॅच नंबर, सर्व करांसह किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन नंबर, शाकाहारी असल्याचं चौकोनातलं हिरवं गोल चिन्ह आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक. आणि एक गोष्ट पुष्कळ जणींना ठाऊक नसते. हा सक्तीचा मजकूर नुसता मराठीत चालत नाही. तो इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावा लागतो, मराठी सोबत घालता येते. किती गटांनी हजार-हजार लेबलं फक्त मराठीत छापून ठेवली असतील! ही एक गोष्ट जरी तुम्ही एखाद्या गटाला छपाईच्या आधी सांगितलीत तरी तुमच्या मजुरीपेक्षा जास्त पैसे त्यांचे वाचतात. असं काहीतरी हातात घेऊन गेलं की काम मागताना आवाज दबत नाही.

तिसरं दार दूध संस्था, विकास सोसायटी, पतसंस्था यांचं. या संस्थांना वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि सभेच्या आधी सभासदांना अहवाल द्यावा लागतो. आकडे सचिव आणि ऑडिटर देतात, पण पुढची चार पानं, म्हणजे अध्यक्षांचं मनोगत आणि वर्षभरात काय झालं त्याचा गोषवारा, हे लिहायला कुणाला वेळ नसतो. गेल्या वर्षीचा अहवाल काढून त्यातले आकडे बदलतात. कधीकधी तर गेल्या वर्षी वारलेल्या सभासदांची श्रद्धांजलीची यादीही तशीच छापून येते. जुलै संपत आला की सचिवांना भेटायचं. सप्टेंबरात गेलात तर उशीर झालेला असतो.

मानपत्राचं बघा

आता एक काम जरा सविस्तर सांगते, कारण ते खास आपल्याकडचं आहे आणि त्याला पैसे द्यायला लोक खळखळ करत नाहीत.

आपल्या भागात मे महिन्याच्या शेवटी शाळेत, जिल्हा परिषदेत, एसटीत सेवानिवृत्तीचे समारंभ एकामागून एक असतात. का? तर जुन्या काळी पोराला शाळेत घालताना जन्मतारीख कुणाला माहीत नसायची, आणि गुरुजी सरळ 1 जून लावून टाकायचे. 1 जूनला जन्मलेला माणूस 31 मेला निवृत्त होतो. म्हणजे गुरुजींनी त्या दिवशी पेनाच्या एका फटक्यात आपल्यासाठी हंगाम तयार करून ठेवला! प्रत्येक समारंभाला एक मानपत्र लागतं. चौकट करून शाल-श्रीफळाबरोबर देतात ते. त्यात नेहमी काय लिहिलेलं असतं, आठवा. ‘आपण ज्ञानाचा अथांग सागर आहात. आपले व्यक्तिमत्त्व हिमालयासारखे उत्तुंग आहे.’ हे कुठल्याही गुरुजींना चालतं, म्हणून ते कुणाचंच नसतं.

तुम्ही काय करायचं? त्या बाईंच्या किंवा गुरुजींच्या घरी अर्धा तास बसायचं. त्यांच्या बायकोला किंवा नवऱ्याला विचारायचं, एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला फोन लावायचा. आणि एकच विचारायचं, ‘यांचं असं काय आहे जे दुसऱ्या कुणी केलं नसतं?’ समजा कुणी सांगितलं की पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की गुरुजी पलीकडच्या वाडीतल्या पोरांना खांद्यावर घेऊन ओढा पार करायचे आणि ओल्या धोतरानं दिवसभर शिकवायचे. झालं. मानपत्र तिथून सुरू करायचं. ‘ओढ्याला पाणी आलं तरी आपल्या वर्गाची हजेरी कधी कमी झाली नाही, कारण आपण पोरांना आणायला स्वतः पलीकडं गेलात.’ समारंभात हे वाचताना पहिल्या ओळीलाच मंडप गप्प होतो. आणि कार्यक्रम संपल्यावर दोघंतिघं येऊन विचारतात, ‘हे लिहिलं कुणी?’ पुढची दोन मानपत्रं तुम्हाला तिथंच मिळतात.

एक सांभाळायचं. नाव, पद, शाळेचं पूर्ण नाव, रुजू झाल्याची तारीख आणि बदल्यांची गावं दोनदा तपासून घ्यायची. मजकूर कितीही सुरेख असला आणि आडनाव चुकलं, की तोच मजकूर लोकांच्या लक्षात राहतो, चुकीसाठी.

नमुना हातात ठेवा

काम मागायला जाताना ‘मला लिहिता येतं हो’ असं तोंडी सांगून उपयोग नसतो. साडी न दाखवता कुणी साडी विकतं का? एक चाळीस पानी वही घ्या किंवा प्लास्टिकचं फोल्डर घ्या. त्यात तीन नमुने ठेवा. पैसे घेऊन केलेलं एकही काम अजून नसलं तरी चालेल. बाजारात मिळालेलं एखादं रटाळ हँडबिल डाव्या पानावर चिकटवा आणि उजव्या पानावर तेच नव्यानं लिहा. उदाहरणार्थ, डावीकडं हे:

‘आमच्या येथे सर्व प्रकारचे उत्तम दर्जाचे पापड योग्य दरात मिळतील. एकदा अवश्य भेट द्या.’

आणि उजवीकडं हे:

‘उडदाचा पापड. घरची उडीद डाळ, काळी मिरी, हिंग. तळला की ताटभर फुलतो, भाजला तर दुसऱ्या दिवशीही कडक राहतो. दर मंगळवारी बाजारात, एसटी स्टँडसमोर, सकाळी 9 ते 2. लग्नकार्यासाठी 5 किलोच्या वर हवा असेल तर आठ दिवस आधी सांगा.’

दुसऱ्यात काय वेगळं आहे? ‘उत्तम दर्जा’ हा शब्दच नाही, तरी दर्जा कळतो. कुठं, कधी, किती हे कळतं. आणि ‘आठ दिवस आधी सांगा’ यामुळं मोठी ऑर्डर घेतात हेही न सांगता कळतं. हे सगळं तुम्हाला आपोआप सुचणार नाही, पापड करणाऱ्या बाईला विचारावं लागतं. मी तर म्हणेन लिहिण्याच्या कामात निम्मं काम विचारण्याचंच असतं. ‘तुमच्याकडं येणारं गिऱ्हाईक पुन्हापुन्हा काय विचारतं?’ हा प्रश्न कुठल्याही धंदेवाल्याला विचारा. तो जे उत्तर देईल, तोच हँडबिलाचा मजकूर असतो.

नमुन्यात जर कुणाचं खरं काम ठेवणार असाल तर त्यांची परवानगी घ्या. गटाचं इतिवृत्त किंवा कुणाचा कर्जाचा अर्ज नमुना म्हणून दाखवायचा नाही. ती दुसऱ्याच्या घरातली गोष्ट आहे.

हल्ली कुणी म्हणेल, ‘एवढं कशाला, मोबाईलच लिहून देतो की.’ देतो. वापरायलाही हरकत नाही, बोलून टाईप करता येतं, शब्द सापडतात. पण मोबाईलला तुमच्या ओढ्याचं आणि गुरुजींच्या ओल्या धोतराचं काय माहीत? ते विचारायला कुणीतरी घरी जावंच लागतं. शिवाय मोबाईलनं दिलेला मजकूर तसाच दिला तर परत ‘अथांग सागर’च येतो.

दुकानात जाऊन काय बोलायचं

इथं बहुतेक जणी अडतात. लिहायला भीती वाटत नाही, मागायला वाटते. म्हणून मी बोलणंच लिहून देते, तुमच्या बोलीत बदलून घ्या. दुपारी जा, दोन-तीनच्या सुमाराला, गर्दी नसते तेव्हा.

‘नमस्कार भाऊ. मी अमक्या गावची, आमच्या बचत गटाचं सगळं लिखाण मी करते. तुमच्याकडं पत्रिका, हँडबिलं छापायला लोक येतात, त्यांना मजकूर लिहून पाहिजे असतो. ते मी करून देते. हा बघा नमुना.’

एवढं बोलून थांबायचं. वही त्यांच्या हातात द्यायची आणि वाचू द्यायचं. आपण मध्येच ‘तसं काही विशेष नाही, आपलं असंच’ असं म्हणायचं नाही. ही आपल्याला लागलेली सवय आहे, ताटात वाढतानाही आपण म्हणतो ‘भाजी काही नीट झाली नाही’. काम मागताना ती घरी ठेवून जा.

ते बहुतेक म्हणतील, ‘बघू ताई, असलं काही तर कळवतो.’ याचा अर्थ नाही असाच धरायला नको, पण फोनची वाट बघत बसायचंही नाही. निघताना एक ठरलेलं काम मागायचं: ‘आत्ता दुकानात छापायला आलेलं एखादं पान द्या भाऊ, चुका काढून देते. पाच मिनिटं लागतील.’ त्यांच्यासमोर बसून चुका काढल्या की नमुन्यापेक्षा ते जास्त पटतं. हे पाच मिनिटांचं काम फुकट करा, हरकत नाही. पूर्ण मजकूर मात्र फुकट लिहून द्यायचा नाही. दोन्हीतला फरक दुकानात सोन्याचा भाव विचारणं आणि अंगठी घेऊन जाणं यातल्या फरकासारखा आहे.

दहा दिवसांनी परत जा. तीन दुकानांत जा, एकातच नको. बाजारच्या दिवशी जाणं होतंच, त्यालाच हे जोडून घ्या.

ज्यांना बोलायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी गट आहेच की. एक जण लिहिणारी, एक बोलणारी अशी जोडी करा. भाजी विकून विकून ज्यांची जीभ तयार झाली आहे अशा बाया प्रत्येक गटात असतात. त्यांना लिहिता येत नसेल, पण त्या काम आणतात. पैशाची वाटणी आधी ठरवा, म्हणजे नंतर कुरकुर नको.

‘द्या काय द्यायचं ते’

हे वाक्य म्हणजे आपल्या कमाईला लागलेली वाळवी आहे. काम झालं, समोरचा विचारतो, ‘ताई, किती द्यायचे?’ आणि आपण पदर सावरत म्हणतो, ‘द्या काय द्यायचं ते.’ मग तो पन्नास रुपये देतो आणि आपल्याला वाईट वाटतं. त्यात त्याचा दोष कमी आहे. त्याला खरंच किंमत माहीत नसते, कारण आजवर कुणी सांगितलीच नाही.

किंमत काढायची सोपी रीत सांगते. तुमच्या गावात बाईच्या रोजाचा जो दर आहे तो धरा. समजा 300 रुपये आहे आणि दिवस आठ तासांचा. एका हँडबिलाला विचारायला एक तास, लिहायला दोन तास, दुरुस्त्या करायला एक तास. झाला अर्धा दिवस, म्हणजे 150 रुपये. त्यात एसटीचं भाडं. (आपल्याला 2023 पासून अर्ध तिकीट आहे, तरी ते धरायचंच, ते आपल्या खिशातूनच जातं.) फोनचा खर्च धरा. म्हणजे 200 च्या खाली हे काम घेतलंत तर त्यापेक्षा खुरपायला गेलेलं बरं. हा झाला तळ. आता खुरपणं पुष्कळ जणींना येतं, लिहिणं थोड्यांना येतं, म्हणून त्यावर काहीतरी चढवायला पाहिजे. मी 300 सांगेन आणि 250 पर्यंत येईन. मानपत्राला जवळजवळ पूर्ण दिवस जातो, तिथं 500 सांगायला संकोच करू नका. हे आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमच्या भागातल्या रोजावरून तुमचे काढा.

किंमत काम सुरू करण्याच्या आधी सांगायची. निम्मा विसार घ्यायचा. बैल घेताना, मंडप सांगताना विसार देतोच ना आपण? तसंच. आणि व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकून ठेवायच्या: ‘हँडबिलाचा मजकूर, 300 रुपये, 150 मिळाले, गुरुवारपर्यंत देते, दोन वेळा दुरुस्ती करून देईन, छपाईचा खर्च तुमचा.’ ‘दोन वेळा दुरुस्ती’ हे लिहिणं फार गरजेचं आहे. नाहीतर भावकीतला प्रत्येक माणूस एकेक शब्द बदलायला सांगतो आणि तुम्ही आठवडाभर त्यातच राहता. विशेषतः लग्नपत्रिकेत! मामांचं नाव आत्यांच्या वर की खाली यावरून घरात जे होतं त्यात लिहिणारीनं पडू नये. यादी त्यांच्याकडूनच लिहून घ्यायची.

मग प्रश्न येतो, आपल्याच माणसांकडून पैसे घ्यायचे का? याचं उत्तर प्रत्येकीनं आपलं ठरवावं. मला विचाराल तर विधवा बाईचा निराधार योजनेचा अर्ज मी फुकटच लिहीन आणि सगळ्या गटानंही तसंच ठरवावं. पण ज्या कागदातून समोरच्याचा धंदा चालणार आहे, म्हणजे दुकान, क्लास, डेअरी, उमेदवाराचा प्रचार, तो भाऊ असला तरी पैसे सांगावेत. ‘तुला म्हणून 250’ असं म्हणा फार तर.

गटाच्या वह्यांचंही तसंच. पंचसूत्रीत पाचवं सूत्र लेखे अद्ययावत ठेवायचं आहे. बैठक सगळ्यांची, बचत सगळ्यांची, पण लिखाण मात्र एकटीच्या डोक्यावर, रात्री जेवणखाण झाल्यावर. काही गट लिहिणाऱ्या ताईला महिन्याला ठरावीक मानधन देतात. तुमच्या गटात नसेल तर पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि जो निर्णय होईल तो इतिवृत्तात लिहा. लिहिणारीनं स्वतः विषय काढणं अवघड जातं, म्हणून दुसरीनं काढावा. अशा वेळी तिचं पहिलं गिऱ्हाईक तिचा गटच ठरतो.

जिथं पाऊल टाकू नये

‘घरबसल्या टायपिंग करा, महिन्याला इतके हजार कमवा’ अशा जाहिराती मोबाईलवर येतात. ओळखायची खूण एकच: काम देणारा तुमच्याकडूनच पैसे मागतो. नोंदणी फी, किट, डिपॉझिट, नाव काहीही असो. काही जण पहिल्यांदा काहीच मागत नाहीत. शेकडो पानं टाईप करून घेतात, मग ‘चुका जास्त आहेत, करार मोडला, दंड भरा नाहीतर कोर्टाची नोटीस येईल’ म्हणून धमकावतात. घाबरून पैसे भरू नका. आधार, पासबुकाचा फोटो, ओटीपी कुणाला देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच 1930 या नंबरवर फोन करा, जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र असले जमिनीजुमल्याचे कागद लिहायला घेऊ नका. एका शब्दानं कुणाची जमीन जाते. ते वकिलाचं आणि दस्तलेखकाचं काम. तसंच, ‘हा अर्ज मंजूर करून देते’ असं बोलू नका. आपण लिहून देतो, मंजुरी कचेरीची.

वर्तमानपत्राच्या पुरवण्या, दिवाळी अंक, आकाशवाणी याबद्दल दोन शब्द. आकाशवाणीच्या केंद्रावर भाषण किंवा मुलाखत झाली तर मानधन मिळतं. परभणी, जळगाव, सोलापूर, सांगली, रत्नागिरी अशी केंद्रं आहेत, आपल्या जवळच्या केंद्राला विषय सुचवणारं पत्र पाठवावं. दिवाळी अंकांत पुष्कळ ठिकाणी मानधनाऐवजी नुसता अंक मिळतो, ते आधी विचारून घ्यावं. नाव छापून आल्याचा आनंद असतो, पण त्याला भवानी म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आणि तालुक्याचा वार्ताहर व्हायला कुणी बोलावलं, तर बातमीचे पैसे मिळणार की उलट जाहिराती आणून द्यायच्या, हा पहिला प्रश्न विचारायचा.

पुढच्या बैठकीत करून बघा

प्रत्येकीनं येताना बाजारातलं, भिंतीवरचं किंवा मोबाईलवर आलेलं एक हँडबिल किंवा पत्रिका आणावी. गटात मोठ्यानं वाचावी. चुका वेचाव्यात. मग दोघी-दोघींनी मिळून ती नव्यानं लिहावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, दुसरीनं लिहायचं. अर्धा तास पुरेल. शेवटी गटातली प्रत्येक जण आपल्या ओळखीतल्या दोन ठिकाणांची नावं सांगेल, जिथं काहीतरी छापायचं काम अडलेलं आहे. दहा जणींची वीस ठिकाणं होतात. ती यादी वहीच्या मागच्या पानावर उतरवा आणि प्रत्येक नावापुढं लिहा: कोण जाणार, कुठल्या वारी.

तुमचे नव्यानं लिहिलेले मजकूर प्रभागसंघाच्या बैठकीला येताना सोबत आणा. त्यातले दोन पुढच्या अंकात, जुना आणि नवा शेजारी शेजारी, छापू. आणि कुणाची भवानी झाली तर काय काम होतं, किती सांगितले आणि किती मिळाले ते नक्की कळवा. आकडा लहान असला तरी लिहा, दुसरीला दर ठरवायला त्याचा उपयोग होतो.